झाडाखाली देव दाखवा

ही पानं सायक्लोस्टाईलची. स्टेन्सिलवर फोटो उतरत नाही. झाड काढायला गेलं की शाईचा काळा गोळा होतो. म्हणून फोटो शब्दांनी सांगतो. दोस्तहो, चालवून घ्या. एका रोलवर बारा काढले होते. सहा बरे आले. त्यातल्या दोनांवर आज आमची दोन एकर बांधी टांगलेली आहे.

१९७९ साली मी ब्रह्मपुरीला एका फोटो स्टुडिओत कामाला होतो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला गचकलेलो. काम म्हणजे हायपोचं पाणी बदलायचं, ओल्या प्रिंटा दोरीवर वाळत घालायच्या, लग्नसराईत मालकाच्या मागं लाईट धरून उभं राहायचं. स्टुडिओत एक रंगवलेला पडदा होता. त्यावर तळं, तळ्यात कमळं, काठाला नारळाची दोन झाडं. बाहेर सगळी झाडीपट्टी. साग, येन, बिजा, धावडा, तेंदू, चार, मोह. एवढ्या रानातला माणूस तालुक्याला यायचा, नवा सदरा घालायचा, केसाला पाणी लावायचा आणि त्या नारळाखाली ताठ उभा राहायचा. नारळाचं झाड त्याच्या बापानंही पाहिलेलं नसायचं.

एक म्हातारी नातवाला घेऊन आली होती. मी सहज म्हणालो, "आजी, गावी येऊन मोहाखाली काढू का तुमचा फोटो?" ती तोंडाला पदर लावून हसली. "मोहाखाली त जलमभर आहोच बाबू. तिथचा फोटो कायले पाह्यजे?"

हे डोक्यात बसलं. मालकाकडं एक जुनी क्लिक थ्री पडलेली होती. साधा डबा. ऊन आणि ढग अशी चिन्हं, त्यातलं एक निवडायचं. मागं लाल काच, काचेतून रोलचा आकडा दिसे. एकशेवीसचा रोल, बारा चौकोनी फोटो. मालकानं मुदत संपलेला एक रोल दिला आणि पैसे पगारातून कापले. विचारलं, "कायचे काढतं?"

"झाडाचे."

"झाड पैसे देते का?"

मी होळीच्या सुमाराला गावी गेलो. गाव वैनगंगेच्या पलीकडं. नाव लिहीत नाही, कारण दावा अजून सुरू आहे. तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होतं. २६ ऑगस्ट १९८२ ला जिल्हा तुटला आणि आम्ही न हलता गडचिरोलीत गेलो.

रानात झाडाचा फोटो काढणं सोपं काम नाही. धुऱ्यावरचं एकटं झाड येतं. पण रानात झाड दिसतच नाही. झाडामागं झाड, त्यामागं झाड. पूर्ण घ्यावं म्हणून मागं सरकलो तर मधी दुसरी दहा उभी. खाली उन्हाचे कवडसे असे, की फिल्मवर चुना शिंपडल्यागत चट्टे. पळस पेटला होता. मोठ्या हौसेनं त्याचे दोन फोटो घेतले, तर काळ्या-पांढऱ्या फिल्मवर तो लालभडक पळस राखेच्या रंगाचा आला. सगळ्यात साफ आला कुलू. उन्हाळ्यात पान नाही, साल पांढरीफेक, मागं काळं रान. तो फोटो पाहून मालकसुद्धा म्हणाला, "हे जमलं बा." त्याच कुलूला आता भुताचं झाड म्हणतात. माझा पोरगा ताडोबाला मोहर्ली गेटावर गाईड आहे. तो सांगतो, वाघ नाही दिसला की पाहुण्यांसाठी जिप्सी भुताच्या झाडापाशी थांबवायची. हातभर लांब लेन्स निघतात. एकदा बफरमध्ये अशाच एका झाडाजवळ दोन बाया काड्यांचे भारे घेऊन चालल्या होत्या. पाहुणा म्हणाला, त्यांना जरा बाजूला घ्या, नेचर खराब होतंय.

पोरानं घेतल्या बाजूला. सांगताना खाली पाहत होता. रोजी आहे त्याची, मी काय बोलणार? मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघिणीनं मारल्या. त्याही रानातच होत्या. वाघाचे फोटो घरोघर कॅलेंडरवर आहेत.

तर रोलवरचे बाकीचे फोटो. एकात माझा बाप आहे. कुपात तोडलेल्या सागाच्या खुंटावर पाय ठेवून उभा. बाप कुपाचा मजूर. हातोड्याचा शिक्का बसलेलं झाड तोडायचं, शिक्का नसलेल्याला हात लावायचा नाही. लावला तर गुन्हा. सागाच्या खुंटावर वर्षावर्षाची वलयं साफ दिसतात. बापाला अक्षर येत नव्हतं, पण तो नखानं वलयं मोजायचा आणि म्हणायचा, "ह्या साली पानी नोहता. ह्या साली लई होता." मार्च २०२३ मध्ये आमच्याच रानातलं सागवान बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी निघालं. त्याची शोभायात्रा निघाली, पूजा झाली, पेपरात रंगीत फोटो आले. मी तो फोटो बापाच्या फोटोशेजारी ठेवून पाहिला. कोणाच्या पाठीवर त्या लाकडाचा घट्टा आहे ते पेपरातल्या फोटोत दिसत नव्हतं.

आता ते दोन फोटो.

पहिला आंब्याचा. धुऱ्यावर आजानं लावलेला आंबा. आजा त्याला एक हात लावून उभा आहे, जसा माणूस बैलाच्या पाठीवर हात ठेवतो. आजाची कथा थोडक्यात अशी. गावकीचं मेलेलं ढोर ओढायला नाही म्हणाला, मालगुजाराच्या माणसांनी झोडपला, तो रातोरात बायको घेऊन रानाच्या कडेला आला. आमचे लोक या भागात जाडंभरडं कापड विणायचे. गिरणीच्या कापडानं मागही बसले होते. गावात राहायला काही उरलंच नव्हतं. त्यानं झुडपं काढून बांधी केली. आमच्याकडं अशा जमिनीला जबरानजोत म्हणतात. शब्दातच जबरदस्ती आहे. ज्यानं मार खाल्ला त्याच्याच नावावर जबरदस्ती लिहून ठेवली, पाहा.

आंबा लावला तेव्हा बाप रांगत होता. बाप कधीचा? आमच्या घरात कॅलेंडर बाबासाहेबांच्या आयुष्याचं. मागाहून जुळवून जुळवून आजानं ठरवलं होतं, बाप चवदार तळ्याच्या सालचा, म्हणजे १९२७. आंबा त्याच्या पुढच्या साली. आजा वारला त्याच साली जिल्हा तुटला. आंबा अजून उभा आहे.

दुसरा फोटो मोहाचा. पहाटेचा, म्हणून काळपट. मोह रातीतून गळतो. माणसं तीन-चारला टोपले घेऊन निघतात, ढोरांच्या आणि अस्वलाच्या आधी वेचायचं असतं. फोटोत माझी माय वाकलेली आहे. पाठ कॅमेऱ्याकडं. हलली म्हणून तिचं लुगडं पांढऱ्या धुरासारखं आलंय. तिच्या बाजूला मोहाच्या बुंध्याशी दगड-मातीचा ओटा. ओट्यावर भरलेलं टोपलं. बाकी काही नाही.

त्या ओट्यावर १९५६ पर्यंत देव होते. चार दगड, शेंदूर फासलेले. कोणाचे कोण ते आता मायलाही सांगता येत नाही. माय त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन आली होती, सोळा वर्षांची. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबरला नागपुरात दीक्षा घेतली आणि १६ ला ते चांद्याला आले. आजा, बाप आणि गावातले पाच-सहा जण वडशाहून छोट्या गाडीनं चांद्याला गेले. परत आले ते पांढरे कपडे घालून. दुसऱ्या दिवशी आजानं चारही देव टोपल्यात भरले, डोक्यावर घेतले आणि बोडीत नेऊन टाकले. माय सांगते, आजी भिंतीआड उभी राहून थरथरत होती. आता काहीतरी होणार. ढोरं मरतील, लेकरू मरेल. वर्षभर ती रातची दचकून उठे. काही झालं नाही. पुढच्या साली मी झालो.

ओटा मात्र आजानं तोडला नाही. मोह वाळवायला, बसायला, तंबाखू मळायला कामाचा होता.

२००६ साली वन हक्क कायदा आला. रानात राहणाऱ्याला त्याच्या कसणुकीचा हक्क. लोकांनी त्यासाठी मोर्चे काढले, आम्हीही चाललो होतो. पण कायद्यात दोन रांगा आहेत. आदिवासी असेल तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा कब्जा दाखवायचा. आदिवासी नसेल तर तो 'इतर पारंपरिक वननिवासी', त्यानं त्या तारखेआधीच्या तीन पिढ्या दाखवायच्या. पिढी पंचवीस वर्षांची धरलेली. म्हणजे पंच्याहत्तर वर्षं. म्हणजे १३ डिसेंबर १९३०.

त्या डिसेंबरात बाबासाहेब लंडनला पहिल्या गोलमेज परिषदेत होते. ही माणसं आहेत, यांना माणसाचे हक्क द्या, असं सांगत होते. त्याच दिवशी माझा आजा अमुक धुऱ्यावर होता याचा कागद मी आणायचा. ज्याला तेव्हा शाळेच्या पायरीवर चढू देत नव्हते, त्याचा कागद.

माझ्या धुऱ्याच्या पलीकडं गोंडाची बांधी. त्याचा बाप आणि माझा बाप एकाच कुपात राबले. त्याला पट्टा मिळाला. मला आनंद झाला, खोटं सांगत नाही. त्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या झालेला अन्याय त्या कागदानं कुठं फिटतो? पण एकाच नाल्याचं पाणी पिणाऱ्या दोन बांध्या, आणि मधला धुरा आता तहसिलाएवढा उंच झाला.

माझ्याकडं कागद काय होते? जंगलात अतिक्रमण केलं म्हणून बापाला झालेल्या दंडाच्या पावत्या. सगळ्यात जुनी १९६९ ची. आधीच्या वाळवीनं खाल्ल्या. गुन्हेगार ठरलो होतो एवढाच पुरावा, आणि तोही चाळीस वर्षं कमी पडला. नियमात आणखी पुरावे लिहिले आहेत. म्हाताऱ्यांचे जबाब, विहीर, मसणवट, पवित्र जागा, जमिनीवर केलेले बांध. म्हणून मी डब्यातून जुने निगेटिव्ह काढले, वडशाला नेऊन नव्या प्रिंटा केल्या आणि दाव्याला जोडल्या. आंबा आणि मोह.

पहिल्यांदा दावा फेटाळला. अपील केलं. पुन्हा पडताळणी, पुन्हा फेऱ्या. ज्या कार्यालयात हे झालं त्याचं नाव लिहीत नाही. टेबलावरचा माणूस वाईट नव्हता. त्यानं आंब्याचा फोटो उलटा-सुलटा केला. "तारीख कुठाय?" निगेटिव्हवर तारीख नसते साहेब. "मग झाडाचं वय कसं ठरवायचं?" मी बापाची आठवण येऊन म्हणालो, सागाचं कळते, कापलं की वलयं मोजता येतात. तो हसला. "मग कापा." कापला तर पुरावा जातो आणि वर गुन्हा दाखल होतो. शिवाय आंब्याच्या खोडात सागासारखी साफ वलयं नसतातच. कापूनही काही कळलं नसतं.

मग त्यानं मोहाचा फोटो घेतला. ओट्यावर बोट ठेवलं. "हे काय आहे? देवस्थान आहे का?"

"होतं."

"होतं म्हणजे? देव कुठाय?"

"बोडीत टाकला. छप्पनला."

तो जरा वेळ माझ्याकडं पाहत राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "देवस्थान दाखवलं असतं तर एक मुद्दा झाला असता."

बाहेर आलो. चहाच्या टपरीवर गोंड शेजारी बसला होता, माझ्या बाजूनं जबाब द्यायला आलेला. त्याला सांगितलं. त्याचा देव येनाच्या झाडात असतो. मूर्ती नाही, झाडच. त्याच्या येनाचा फोटो फायलीत लागलेला आहे. तो म्हणाला, "चंद्रपूरच्या जेलात आमच्या बाबुरावचा पिंपळ आहे. त्याले कोनी वय नाही इचारत." बाबुराव शेडमाके. २१ ऑक्टोबर १८५८ ला इंग्रजांनी त्यांना तिथं फासावर दिलं. "तिथं सरकारनंच मारलं, म्हनून सरकारच्या दप्तरात झाड आहे," तो म्हणाला आणि बशीतला चहा फुर्रकन ओढला. दप्तरात झाड लागायचं तर काय व्हावं लागते, असा माझ्या मनात विचार आला. बोललो नाही.

घरी आलो तर पोरगा मोहर्लीहून आलेला. सगळं ऐकून म्हणाला, "बाबा, दगडच त आहे. नाल्यातला एक उचला, शेंदूर फासा, मी मोबाइलवर असा फोटो काढतो की शंभर वर्षांचा वाटंल. कोन पाह्यला येते?" त्याला फोटो समजतात. जिप्सीतून दिसणाऱ्या रानातून माणूस कसा वगळायचा हे तो शिकलाय. दगड कसा घालायचा हेही त्याला जमलं असतं.

मी त्याला रागावलो. आणि दुसऱ्या दिवशी वडशाच्या बाजारातून दहा रुपयांची शेंदराची पुडी आणली. हे इथं लिहायला लाज वाटते, पण लिहितो. माझ्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. मी बावीस प्रतिज्ञा लग्नामंडपात लोकांकडून म्हणवून घेतो. आणि माझ्या खिशात शेंदूर. दोन एकर आहेत हो! तेवढ्यावर घर चालते. पोराची गाईडगिरी पावसाळ्यात बंद पडते.

चैताचा महिना होता, २०२५. पहाटे पोरगा आणि मी मोहापाशी गेलो. नाल्यातला दगड त्यानं आधीच आणून ठेवला होता. चांगला गोल, देव होण्याजोगा. मी पुडी काढली. समोर तो ओटा. मला एकदम सांची आठवली. २००३ साली समाजाच्या बसनं गेलो होतो. तिथल्या तोरणांवर बुद्धाची मूर्ती नाही. पिंपळ कोरलेला आहे, खाली रिकामं आसन आहे, आणि लोक हात जोडून उभे आहेत. गाईड सांगत होता, त्या काळी बुद्धाला माणसाच्या रूपात कोरत नसत. आमच्यातला एक जण म्हणाला होता, मग बुद्ध कुठाय? तेव्हा मी मोठ्या ऐटीत त्याला समजावून सांगितलं होतं.

मागून पालापाचोळा वाजला. माय. पंच्याऐंशीची आहे, कमरेत वाकली आहे, पण मोहाच्या दिवसांत तिला घरात झोप येत नाही. टोपलं घेऊन आली होती. तिनं दगड पाहिला. माझ्या हातातली पुडी पाहिली. काही विचारलं नाही. टोपलं खाली ठेवलं, ओट्याला हात टेकून टेकून वर चढली आणि बरोबर मधोमध बसली. दगड ठेवायचा होता तिथं.

"काढ," म्हणाली.

"माय, उठ नं. झाडाचा काढाचा आहे."

"मंग झाडाचाच काढ. मी काय झाडावर बसली आहो? तुह्या आज्यानं इथचा देव डोक्यावर नेला, मी डोऱ्यानं पाह्यलं. त्याले जुना पाह्यजे नं? मी जुनी नाही का?"

पोरानं माझ्याकडं पाहिलं. मी पुडी खिशात घातली. त्यानं मोबाइल धरला. एवढा हुशार पोट्टा, पण हात हलत होता त्याचा. दोन-तीन काढले. अंधार फाटत होता, मोहाला पान नव्हतं, फांद्यांना शेंड्याशेंड्याला फुलांचे झुबके. एक फूल टप्पकन तिच्या मांडीवर पडलं. ते तिनं उचलून टोपल्यात टाकलं आणि म्हणाली, "झालं का? वेचू द्या आता."

तो फोटो रंगीत आहे. मोहाचा बुंधा काळा, तिचं लुगडं हिरवं, पायात चप्पल नाही. मागं धुऱ्यावर आजाचा आंबा अर्धा दिसतो. १९७९ चा फोटो आणि हा, दोन्ही एका कागदावर शेजारी शेजारी चिकटवून दिले. तोच ओटा, तोच मोह, तीच बाई, मधी शेहेचाळीस वर्षं. टेबलावर आता दुसरा माणूस होता. तो म्हणाला, "यात बाई कशाला घेतली? स्थळाचा फोटो पाहिजे." मी म्हणालो, तिचा जबाबही सोबत जोडला आहे, अंगठ्यासकट. त्यानं पोचपावती दिली.

शेंदराची पुडी बरेच दिवस खिळ्याला टांगलेल्या सदऱ्याच्या खिशातच राहिली. पोळ्याला मायनं ती तेलात कालवली आणि बैलांच्या शिंगांना फासून टाकली. अपिलाची पुढची तारीख अजून आलेली नाही.